सावडायच्या दिवशीचा काढा

आठ वर्षं मी दोन माणसांच्या मधे उभा राहून निरोप पोचवायचं काम केलं. निरोप काही लांबचे नव्हते. दोघं एकमेकांपासून चार हातांवर असायची, दोघांचे कान शाबूत होते आणि आवाज तर असा की पलीकडच्या आळीला ऐकू जावा. पण आमची काकी चंद्राबाई थोरल्या चुलत दिरासमोर तोंड उघडायची नाही, आणि ते दीर, म्हणजे आमचे नाथाजी आबा, धाकट्या भावजयीकडं मान वर करून बघायचे नाहीत. रीतच तशी. मग काय, "बाळासो, त्यास्नी सांग," आणि "बाळासो, तिला सांग." अहो, दोघांनी आधीच ऐकलेलं असायचं! तरी मी वळून सांगायचो, कारण मी सांगितल्याशिवाय समोरचं माणूस उत्तर द्यायचं नाही. डोक्याला नुसता ताप.

बरं, भांडण बांधावरून असतं, पाटाच्या पाण्यावरून असतं, तर मी समजून घेतलं असतं. हे भांडण काढ्यावरून होतं. मयताच्या घरी आलेल्या माणसाला त्या घरानं काही प्यायला द्यावं का देऊ नये, एवढंच. आणि एवढ्यासाठी आठ वर्षं!

आमचं गाव कुंडलपासून दोन कोसांवर. ऊस, गुऱ्हाळं आणि पलटणीत गेलेले गडी, यावर गाव चाललेलं. काकीचा नवरा जोतीराम काका पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आला होता. येताना त्यानं चहाची सवय आणली आणि चार शेर पाणी मावेल अशी पत्र्याची एक किटली आणली. दोघांना पोरबाळ नव्हतं. मी पुतण्या, म्हणून माझ्यावर हक्क. माझं लग्न झालं तरी काकी दारातनं हाक मारायची ती मलाच, आणि माझी बायको शालूबाई म्हणायची, "जावा, तुमचं बोलावणं आलं."

काकीच्या दारावरून कुणी कोरडं गेलेलं तिला खपायचं नाही. बांगड्यावाला असो, तराळ असो, चुकलेलं वासरू शोधत आलेला परगावचा माणूस असो, त्याला ताक नाहीतर गूळ-पाणी घ्यायलाच लागायचं. नको म्हणालं तर भांडायची. मी एकदा सांगून बघितलं, "काकी, माणसाला घाई असती." तर म्हणाली, "घाई हाय म्हून तर तहान लागती." आणि ताकाचा तांब्या माझ्याच हातात दिला.

पण मयताच्या घराचा कायदा वेगळा. आमच्याकडं बोलवायला, म्हणजे दुःखाला भेटायला, आलेलं माणूस अशा घरात पाण्याला शिवत नाही. येतं, रडतं, बसतं आणि उठून चालू लागतं. जाताना 'येतो' म्हणत नाही, कारण अशा कामाला परत यायचं तरी कुणी म्हणावं? तिसऱ्या दिवशी सावडणं असतं, म्हणजे राख आणि अस्थी गोळा करून नदीत सोडायच्या. त्या दिवशी दहा गावांची माणसं येतात. सकाळी येतात आणि ऊन डोक्यावर आलं की तशीच परत जातात. आमच्या बापजाद्यांनी हे केलं, आम्हीही करत होतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एकेचाळीस सालच्या वैशाखात जोतीराम काका गेला. सावडायला विट्याकडनं त्याचा पलटणीतला जोडीदार आला, गुंडा. त्याचा एक पाय बसऱ्यालाच राहिलेला. अर्धी वाट कुणाच्या तरी गाडीतनं आणि अर्धी कुबडीवर, असा तो आला. लिंबाखाली बसून सख्ख्या भावांपेक्षा मोठ्यानं रडला. मग उठला आणि गुपचूप निघून गेला.

तासाभरानं भूपालची गाडी दारात उभी. भूपाल म्हणजे आमचा जैन शेजारी, त्याच्या रानाचा आणि आमच्या रानाचा बांध एक. तो म्हणाला, "बाळासो, ह्यो तुमचाच पाव्हना न्हवं? वड्याच्या चढाला पडला हुता." गाडीत गुंडा, डोळे पांढरे, ओठाला पापुद्रे.

काकी आत कोपऱ्यात बसलेली. तीन दिवसांची विधवा, तोंडावर पदर, तिनं हलायचंसुद्धा नाही. ती उठली. सगळ्या भावकीच्या देखत रांजणातनं तांब्या भरला, गूळ फोडून विरघळवला, गुंडाचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाजलं. बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. गुंडानं डोळे उघडले आणि म्हणाला, "वयनी, पाणी मागावं वाटलं हुतं. पर तुमी दुःखात, मागाय जीभ उचलंना."

काकी म्हणाली, "माझा दाल्ला मेलाय, भावजी. माझी हिर आटली न्हाई."

आबा भिंतीला टेकून उभे होते. ते भिंतीकडंच बघत म्हणाले, "बाळासो, तिला सांग. मयताच्या घरचं पाणी कुणी पीत न्हाई."

"बाळासो, त्यास्नी सांग," काकी म्हणाली, "ह्यो प्याला."

तो पहिला निरोप. पुढं किती झाले त्याची गणती नाही.

त्यानंतर आसपास कुठंही मयत झालं की तिसऱ्या दिवशी काकी किटली घेऊन हजर. आणि किटली उचलायची कुणी? मी. दगड मांडायचे कुणी? मी. लग्नात वाजंत्री येतात तसा मी लोकांच्या सावडण्याला यायला लागलो. माणसं मला लांबनं बघून म्हणायची, "आला बघा, म्हंजे काढा हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मयताच्या घरात चूल पेटवायची नाही, म्हणून तिनं वाट काढली. घराच्या हद्दीबाहेर तीन दगड मांडायचे. दूध घालायचं नाही. पाणी, गूळ, चिमूटभर चहाची पूड आणि आलं. आबांनी चावडीत विषय काढला, की मयताच्या दारात चहा उकळतोय, हे काय हाटेल आहे काय? मला बोलावणं. मी घरी येऊन तिला विचारलं. म्हणाली, "त्यास्नी सांग, दूध घातलं तर चा. ह्यो काढा हाय. काढा औषध हाय. औषधाला कसलं सुतक?" मी परत चावडीत गेलो. पंचांनी सगळी दुपार घालवली, चहा कुठं संपतो आणि काढा कुठं सुरू होतो यावर. माझी उसाची पाळी चुकली, पाणी दुसऱ्यानं घेतलं. शेवटी काढा ठरला. आबा उठून गेले.

आता, आबांचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. एकदा ते मला म्हणाले, "बाळासो, तिला नीट समजावून सांग. दुःखाला आलेलं माणूस पाव्हना न्हवं. आज काढा, उद्या चा, परवा फराळ. आपन देऊ रं, आपल्यात गुऱ्हाळं हायती. ज्येच्या घरात मूठभर दानं न्हाईत त्येनं आपल्या मानसाच्या मातीच्या दिवशी काय करायचं? रडायचं का गूळ हुडकत फिरायचं?" मला ते पटलं, खरंच पटलं. आता ही गप्प बसेल म्हणून मी उड्या मारत घरी गेलो.

काकी जात्यावर होती. तिनं ऐकलं, दळण थांबवलं आणि विचार केला. म्हणाली, "त्ये बरोबर बोलत्यात." मी देवाला हात जोडणार, तेवढ्यात पुढं म्हणाली, "म्हून गूळ म्या न्हेनार."

"म्हणजे मग शेजाऱ्याचा गूळ झाला ना?" मी म्हणालो. "तूच म्हणतीस न्हवं, ज्याच्या घरचं मयत त्याच्याच घरचं पाजायचं?"

"व्हय. मेलेल्या मानसानं त्याच्या दारात आलेल्याला पाजल्यालं त्ये शेवटचं असतंय. त्ये दुसऱ्याच्या घरचं कसं चालंल?"

"मग?"

"ढेप आदी आत न्ह्यायची. त्यांच्या चुलीम्होरं ठिवायची. मग उचलायची. झाली त्यांच्या घरची."

मी हे आबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "बाई वकील व्हायची," आणि हे मात्र तिला सांगू नकोस म्हणाले.

ढेपेचा ताप आणखी वेगळा. दर साली आमच्या गुऱ्हाळाची एक ढेप ती मागून न्यायची आणि उतरंडीमागं गोणपाटात बांधून ठेवायची. "ही माझी," म्हणायची. "माझ्या सावडायला." मला राग यायचा. जिवंत बाई स्वतःच्या मातीचा गूळ भरून ठेवते, हे काय बोलणं झालं? पण ती ढेप कधी टिकली आहे का! संक्रांत गेली की कुठल्या तरी गरिबाघरी कुणीतरी मरायचं आणि ढेप तिकडं. मग परत माझ्यामागं, "बाळासो, माझी ढेप संपली रं."

भूपालची आई वारली तेव्हा तर मी हात जोडले. म्हटलं, "काकी, त्यांचा धरम वेगळा. तिथं नको." ती गेलीच. भूपालची बायको चंदनबाला शांत बाई. म्हणाली, "काकी, पाणी गाळल्याबिगर आमी घेत न्हाई. आलं तर नगोच, सुंठ चालंल. आन् समदं दिवस मावळायच्या आत." मला वाटलं, आता वाद होणार. काकीनं धुतलेलं धडपं मागितलं, दुहेरी केलं, एक टोक चंदनबालाच्या हातात आणि एक माझ्या, आणि ओतलं पाणी. त्या दिवसापासून काकीच्या काढ्यात कायम सुंठ आली आणि कुणाच्याही दारात पाणी गाळून. म्हणजे मला आणखी एक काम.

आबा प्रत्येक सावडण्याला यायचे. तीन दगडांकडं पाठ करून बसायचे. आठ वर्षांत त्यांनी एक घोट घेतला नाही. पण गप्प बसतील तर आबा कसले?

"बाळासो, तिला सांग, दगड वाऱ्याच्या बाजूला मांडल्यात. धूर मानसांच्या डोळ्यात जातोय."

"बाळासो, त्यास्नी सांग, पाठ करून बसल्याली मानसं. त्यांच्या डोळ्यात कसा जातोय?"

"बाळासो, तिला सांग, आज करपलाय. वास येतोय."

"बाळासो, त्यास्नी सांग, पीत न्हाईत त्येनी वास घिऊ ने."

आणि मी मधे, एका हातात किटली, एका हातात धडपं. मी एकदा वैतागून ओरडलो, "अहो, बोला की एकदा तोंडानं!" तर दोघं माझ्याकडं अशी बघायला लागली की मीच काहीतरी अभद्र बोललो.

एकोणपन्नास सालच्या चैत्रात गावाच्या टोकाला राहणारी दगडाबाई गेली. एकटी, घरात काही नाही. काकीची ढेप तिकडं गेली. चार दिवसांनी काकी म्हणाली, "बाळासो, माझी ढेप संपली रं."

"गुऱ्हाळ बंद झालं. सगळा गूळ पेठेला गेला. पुढल्या साली देतो."

"तवर ऱ्हायला पायजे न्हवं मी."

"काय धाड भरलीया तुला?" मी म्हणालो.

पंधरा दिवसांत तिला ताप आला. पाचव्या दिवशी तिला बोलतानासुद्धा दम लागायला लागला. मी रात्रंदिवस जागा, डोळ्यांची आग होतेय, आणि ही त्याच एका गोष्टीवर. "माझ्या दारातनं कुनी तहानल्यालं जाऊ दिऊ नगंस. बाळासो, ऐकतोयस न्हवं?" दहा वेळा विचारलं असेल. शेवटी मी खेकसलो, "व्हय गं बाई, पाजीन! सगळ्या जिल्ह्याला पाजीन! आता गप पड!"

ती गप्प पडली. सकाळी गेली. माझं तिच्याशी शेवटचं बोलणं ते.

अग्नी मीच दिला. तिसऱ्या दिवशी सावडायला किती माणसं आली म्हणून सांगू! कुंडलची, पलूसची, कुठली कुठली, ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत अशी. बायांनी घर भरलं. नदीवरनं परत आलो, माणसं लिंबाच्या सावलीत टेकली. ऊन असं की जमीन पायाला भाजत होती. मी ओट्यावर बसलो. सगळी बसून राहिली. कुणी रडत नव्हतं, बोलत नव्हतं आणि उठतही नव्हतं. मधेच कुणीतरी मान वळवून बोळाच्या तोंडाकडं बघायचं. मीही बघत होतो. बराच वेळ बघत होतो.

मग माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे किटलीची वाट बघतोय. आणि किटली आणणारी बाई आम्ही आत्ताच नदीत सोडून आलोय.

 मी विसरलो होतो. दहा वेळा सांगितलेलं, खेकसून कबूल केलेलं, आणि तीन दिवस नुसतं रडण्यात मी विसरलो होतो! आत पळालो. किटली पालथी घातलेली. चहाची पूड डब्याच्या तळाला, सुंठेचा एक तुकडा चिंधीत बांधलेला. उतरंडीमागं हात घातला, तर नुसतं गोणपाट. शालूबाई म्हणाली, "आपल्या घरात मूठभर गूळ असंल नसंल." शे-दीडशे माणसं आणि मूठभर गूळ! मी उतरंडीला टेकून तिथंच खाली बसलो. तिनं आठ वर्षं कुणाच्या कुणाच्या दारात पाजलं आणि तिच्या दारात मला एक ढेप ठेवता आली नाही.

बाहेर कुबडी वाजली. दारातनं बघितलं तर गुंडा उठलेला. गुंडा, विट्यासनं आलेला, आता पार म्हातारा. रीतीप्रमाणं तो काही न बोलता बोळाकडं चालायला लागला. तो उठला तशी आणखी चारजण उठले.

बोळाच्या तोंडाला नाथाजी आबा उभे होते. पंचाहत्तरीचा म्हातारा, पण दोन्ही हातांनी काठी आडवी धरलेली.

"कुठं निघालास रं गुंडा?"

गुंडा गांगरला. अशा घरनं निघालेल्या माणसाला कुणी कुठं म्हणून विचारत नाही. "घरला, आबा."

"मागं फिर. बस खाली. समदी बसा." मग आबांनी माझ्याकडं बघितलं आणि आवाज चढवला, "बाळासो, बायकावानी आत काय बसलायस? माझ्या माळ्यावर ढेप हाय, घिऊन ये. भूपाल, तू दगड मांड. वाऱ्याच्या खाली मांड, धूर नगो."

मी पळत जाऊन ढेप खांद्यावर आणली आणि दगडांपाशी टेकवणार, तोच आबा कडाडले, "आरं हितं कुठं ठिवतोयस? शाना हायस का? आदी आत न्हे. तिच्या चुलीम्होरं ठिव. मग उचल."

मी ढेप आत नेली. तिच्या थंड चुलीपुढं ठेवली. मला पुढचं दिसेना, शालूबाईनं हाताला धरून उठवलं.

चंदनबालानं धडप्याचं एक टोक धरलं, एक मी धरलं. किती पाण्याला किती गूळ, कुणालाच माहीत नव्हतं. काकीनं कधी कुणाला सांगितलं नाही आणि मी आठ वर्षं शेजारी उभा राहून, चिडण्यापलीकडं काही शिकलो नाही. अंदाजानं केलं. पहिला पेला गुंडाला दिला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, घराकडं बघितलं आणि प्याला. मग बाकीचे. किटली चार वेळा भरली. कोरडं कुणी गेलं नाही.

सगळ्यात शेवटी आबांनी हात पुढं केला. मी पेला दिला. ते दगडांकडं तोंड करून बसले होते, पहिल्यांदाच. फुंकर घातली, एक घोट घेतला, तोंडात घोळवला. मान खाली घातली, भावजयीसमोर घालायचे तशीच, आणि म्हणाले,

"बाळासो, तिला सांग, सुंठ कमी पडलीया."

मी सवयीनं वळलो.